सांधा गळू नये म्हणून

आता खेडोपाडी घरात नळ आले आहेत. 2019 साली केंद्र सरकारने जल जीवन मिशन सुरू केले. खेड्यातल्या प्रत्येक घरी नळ असावा आणि माणशी दररोज 55 लिटर पाणी मिळावे, असे त्या योजनेत ठरले. कुठे पाणी रोज येते, कुठे दिवसाआड येते. कुठे नळ आहे आणि पाणी नाही. तो विषय वेगळा आहे. पण जिथे पाणी आले, तिथे छपरावर टाकी आली. टाकी आली, की न्हाणीत शॉवर आला.

शॉवर म्हणजे काय? बागेतल्या झारीला भोकाभोकाचे तोंड असते ना, तेच भिंतीवर बसवलेले. वरून पाणी पडते, खाली माणूस अंघोळ करतो. काही म्हातारी माणसे म्हणतात, "हे शहरी खूळ आपल्याला कशाला?" आम्ही तसे म्हणत नाही. ज्याची कंबर धरली आहे, ज्याला वाकून तांब्या भरता येत नाही, त्याला शॉवर फार सोयीचा. मात्र पाण्याचा हिशेब ठेवावा. शॉवरखाली बादली ठेवा आणि ती किती मिनिटांत भरते ते घड्याळात पाहा. मग तुमचा शॉवर किती पाणी खातो ते तुम्हालाच कळेल. दुसऱ्याला विचारायला नको.

हा शॉवर केव्हातरी बिघडतो. भोके बुजतात, तोंड मोडते, मुलामा उडून गंज चढतो. मग नवा आणतात आणि घरच्या घरी बसवतात. काम पाच-दहा मिनिटांचे दिसते. पण बसवल्यावर सांध्यातून पाणी झिरपू लागते. मग आणखी जोराने आवळतात. तरी झिरपते. पुन्हा आवळतात. इथेच घात होतो. कसा, ते आता पाहू.

आधी सांधा नीट समजून घ्या.

भिंतीतून एक वाकडी नळी बाहेर येते. प्लंबर तिला आर्म म्हणतो. आपण वाकडी नळीच म्हणू. तिला दोन टोके आहेत. एक टोक भिंतीत जाते. तिथे आत एल्बो असतो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड. त्यात हे टोक फिरवून बसवलेले असते. दुसऱ्या टोकाला शॉवरचे तोंड बसते. म्हणजे सांधे दोन झाले. बाहेरचा सांधा डोळ्यांना दिसतो. भिंतीतला दिसत नाही. त्यावर एक गोल चकचकीत ताटली झाकलेली असते. हा दिसत नसलेला सांधाच घराचे जास्त नुकसान करतो.

दोन्ही टोकांवर आटे असतात. नट-बोल्टावर असतात तसेच. आट्यांत आटे बसले की सांधा पक्का धरला जातो. पण धरणे वेगळे आणि पाणी अडवणे वेगळे. बाहेरचे आटे आणि आतले आटे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते. ती फट जिन्यासारखी गोल गोल फिरत बाहेर येते. पाण्याला तेवढी वाट पुरे. म्हणून ती वाट कशाने तरी बुजवावी लागते.

पूर्वी प्लंबर आट्यांवर सूत किंवा तागाचा धागा गुंडाळत आणि वर सफेदा लावत. काही सफेदा शिशाचा असे. शिसे हे विष आहे, पोटात जाता कामा नये. आता दुकानात पांढऱ्या फितीची छोटी चकती मिळते. तिला टेफ्लॉन टेप म्हणतात. हा टेफ्लॉन 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाच्या रसायनतज्ज्ञाला अचानक सापडला. तो शोधत होता भलतेच काही. न चिकटणाऱ्या तव्यावर जो थर असतो, तोही याच पदार्थाचा. ही फीत मऊ आहे, निसरडी आहे आणि तिला गोंद नाही. ती चिकटत नाही, नुसती फटीत दाबली जाते. दाबली जाऊन फट भरते.

आता माप. शॉवर आणायला जाल तेव्हा खोक्यावरचे अक्षर वाचा. आता वाचता येते, तर दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत का बसावे? खोक्यावर "1/2 इंच" किंवा "15 मि.मी." असे लिहिलेले असते. दोन्ही एकच. घरी येऊन कुणी पट्टी लावली तर मात्र घोटाळा होईल. आट्यांची बाहेरची जाडी भरेल सुमारे 21 मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे तर पावणेतेरा मिलिमीटरसुद्धा नाही! दुकानदाराने फसवले काय? नाही. जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून हे नाव पडले. पाइपाची घडण बदलली, नाव तेच राहिले. आणखी एक गंमत पाहा. आट्यांना पट्टी लावून मोजा. एका इंचात 14 आटे भरतील. तुमच्या घरी 14, शेजारच्या जिल्ह्यातही 14. एकेकाळी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याला लागत नसे. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या माणसाने सांगितले, की सगळ्यांचे आटे एकाच मापाचे असावेत. आपल्या पाइपाचे आटे त्याच घडणीवरून आले आहेत. म्हणून पुण्यात घेतलेला शॉवर नांदेडच्या नळीवर बसतो.

नवा शॉवर आणण्याआधी जुना एकदा धुऊन पाहावा, असे आमचे मत आहे. बोअरच्या पाण्यात क्षार फार. ते पाणी वाळले की भोकांत पांढरा दगड धरतो. चहाच्या भांड्याच्या तळाला धरतो तसाच. तो आंबटाने विरघळतो. शॉवरचे तोंड काढून तास-दोन तास लिंबाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. बारीक बुडबुडे येताना दिसतील. मग जुन्या दातघासणीने घासा. भोके मोकळी झाली, की पुष्कळदा सांध्याची गळतीही थांबते. कारण उघड आहे. पुढे वाट बंद झाली, की पाणी मागे सांध्यावर जोर करते. एवढे करूनही भागले नाही, तर नवा आणा.

आता कामाला लागू. घरात गीझर असेल तर आधी त्याची वीज बंद करा. शॉवरची चावी बंद करा. मोरीच्या तोंडावर फडके टाका. वायसर खाली पडला आणि मोरीत गेला, तर दुकानाला दुसरी खेप पडते.

जुना शॉवर सोडवायचा. घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवला की सैल होतो. आधी हाताने पाहा. हाताने सुटला नाही तर पाना लावा. पान्याच्या दातांखाली फडके धरा, म्हणजे मुलामा खरवडणार नाही. पण एक गोष्ट कधी विसरू नका. शॉवर फिरवताना वाकडी नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा. दुसरा पाना असेल तर त्याने धरा. नळी धरली नाही, तर शॉवराबरोबर नळीही फिरते. मग भिंतीतला सांधा हलतो, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

आमच्या आळीत एका घरी नेमके हेच झाले. मुलगा नोकरीला शहरात. दिवाळीला येताना आईवडिलांसाठी नवा शॉवर घेऊन आला. मोठ्या हौसेने स्वतः बसवला. बाहेरचा सांधा जरा पाझरत होता, म्हणून पाना लावून चांगला आवळला. बाहेरचे पाणी थांबले. सगळे खूश झाले. भाऊबीज करून मुलगा परत गेला. आठ-दहा दिवसांनी त्या घरच्या वहिनी आमच्याकडे आल्या.

"गुरुजी, भिंतीला घाम येतो का हो कधी?"

"कुठल्या भिंतीला, वहिनी?"

"माजघरातल्या. न्हाणीच्या पलीकडची. हात लावला की गारगार लागते."

आम्ही जाऊन पाहिले. हातभर रुंदीचा ओला पट्टा वरून खाली आलेला. त्याच भिंतीला टेकून पेरणीच्या गव्हाची दोन पोती ठेवलेली. पोती बाजूला ओढली. खालच्या अंगाने सुतळीतून पांढरे कोंब बाहेर आलेले. पेरायला आठ दिवस राहिले होते. एक पोते तर गुरांपुढेच टाकावे लागले. दुसऱ्यातले वरचे बी तेवढे कामी आले. बाकीचे बी उसने आणून पेरणी केली. न्हाणीच्या बाजूने पाहावे तर सगळे कोरडे ठाक! आवळताना वाकडी नळी भिंतीत फिरली होती आणि आतला प्लॅस्टिकचा एल्बो चिरला होता. शॉवर चालू केला की तेवढा वेळ पाणी भिंतीत जाई. रोज थोडे थोडे. भिंत मातीत बांधलेल्या विटांची. ती पाणी पीत राहिली.

मुलाचा हेतू वाईट नव्हता. पण गळती थांबवण्यासाठी तो जोर करीत होता. जोराने आटे जवळ येतात, फट भरत नाही. आणि आजच्या घरात भिंतीतले पुष्कळ जोड प्लॅस्टिकचे असतात. लोखंडी जोड जोर सोसतो. प्लॅस्टिकचा जोड सोसत नाही, तडकतो.

शॉवर निघाला, की आटे साफ करा. जुनी फीत टोकदार काडीने काढून टाका. क्षाराचा पांढरा थर घासून काढा. आट्यांवरून बोट फिरवा. कुठे खरखर लागता कामा नये. मग नळीखाली बादली धरून चावी क्षणभर उघडा. पाइपातली माती आणि खर बाहेर पडू द्या. नाहीतर ती सगळी नव्या शॉवरच्या भोकांत जाऊन बसेल.

आता नव्या शॉवरचे तोंड उलटे करून आत पाहा. तळाशी काळा रबरी वायसर दिसतो का? कधी वायसरवर जाळीही असते. वायसर असेल, तर इथे पाणी अडवण्याचे मुख्य काम तो करतो. नळीची सपाट कड त्या रबरावर दाबून बसली, की झाले. म्हणून तीन गोष्टी पाहा. वायसर सपाट बसला आहे ना? चिरलेला किंवा दुमडलेला नाही ना? आणि जुना वायसर नळीच्या कडेला चिकटून राहिलेला नाही ना? एकावर एक दोन वायसर आले की कड तिरपी बसते आणि पाणी बाजूने निघते. अशा शॉवरला फितीचे दोन वेढे पुष्कळ झाले. जास्त गुंडाळाल तर आटे मध्येच अडतील, कड रबरापर्यंत पोचणारच नाही. मग फीत दहा वेढे असली तरी गळणार.

वायसर नसेल, तर सारी भिस्त फितीवर.

फीत गुंडाळण्याला दिशा आहे. आट्यांचे तोंड आपल्या डोळ्यांकडे करा. आता घड्याळाचा काटा फिरतो त्या दिशेने फीत गुंडाळा. शॉवरही त्याच दिशेने फिरत आत जातो. म्हणून तो फितीला आणखी आवळत नेतो. उलटी गुंडाळली, तर तोच शॉवर फितीचे टोक उचकटून गोळा करतो. फेटा बांधणाऱ्याला हे सांगायला नको. पीळ कुठल्या बाजूला घालायचा ते त्याला ठाऊक असते.

फीत ताणून धरा. इतकी ताणा, की खालचे आटे फितीतून उठून दिसतील. पहिला आटा टोकाशी थोडा मोकळा सोडा. फितीची चिंधी नळीच्या तोंडावर आली, तर ती पाण्याबरोबर वाहत जाऊन शॉवरच्या भोकांत अडकते. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर अर्धा चढू द्या. किती वेढे? फीत जाड असेल तर चार-पाच. हलकी, पातळ फीत असेल तर आठपर्यंत जा. शेवटी फीत कात्रीने कापू नका, ओढून तोडा. टोक अंगठ्याने आट्यांत दाबून टाका.

मग शॉवर हाताने फिरवत बसवा. पहिले दोन फेरे सरळ गेले पाहिजेत. तिरपा चढला तर लगेच काढा. तसाच दामटला तर आटे मरतात. हाताने फिरेल तोवर हातानेच फिरवा. नंतर वाकडी नळी धरून पान्याने अर्धा फेरा, फार तर पाऊण. शॉवर प्लॅस्टिकचा असेल तर पान्याला हातही लावू नका. आणखी एक. घट्ट झाल्यावर शॉवरचे तोंड जरा वाकडे दिसले, म्हणून तो मागे फिरवू नका. मागे फिरवला की आत दाबलेली फीत सुटते आणि तिथून पाणी वाट काढते. तोंड पुढेच फिरवून सरळ करा. ते जमत नसेल तर शॉवर पूर्ण काढा, फीत खरवडून टाका आणि नवी गुंडाळा. फितीसाठी कंजूषपणा करू नये.

आता चावी उघडा आणि सांध्याकडे पाहा. इथे डोळे फसतात. शॉवरचे पाणी नळीवरून मागे ओघळते आणि सांधाच गळतो आहे असे वाटते. म्हणून आधी सगळे फडक्याने कोरडे करा. सांध्याभोवती वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळा. मग शॉवर सुरू करा. कागद आधी कुठे भिजतो ते पाहा.

शॉवर बंद केल्यावरही तासन्‌तास थेंब पडत असतील, तर दोष या सांध्याचा नाही. चावी बंद असताना सांध्यापर्यंत पाणी येतच नाही. नळीत उरलेले चार थेंब पडतात आणि थांबतात. थांबत नसेल तर चावीचा वायसर झिजला आहे. तो बदलावा. इथे फीत गुंडाळून उपयोग नाही.

अंगणातल्या तोटीचे तसे नसते. तिच्या मागच्या सांध्यावर पाण्याचा दाब नळ चालू असेपर्यंत असतोच, आणि टाकीची तोटी असेल तर रात्रंदिवस असतो. त्या सांध्याखाली एक तांब्या ठेवून पाहा. तासाला एक लिटर पाणी गळत असेल, तर दिवसाला 24 लिटर झाले. सव्वादोन दिवसांत एका माणसाचे एका दिवसाचे पाणी मातीत गेले. गटाराजवळ जमिनीत गाडलेला सांधा तर आणखी वाईट. नळाला पाणी असते तेव्हा तो बाहेर गळतो. पाणी बंद झाले आणि पाइप रिकामा होऊ लागला, की तोच सांधा बाहेरचे घाण पाणी आत ओढतो. मग पुढच्या वेळी तेच पाणी आपल्या हंड्यात येते. असा सांधा दिसला तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि तोवर पाणी उकळून प्या.

राहिला भिंतीतला सांधा. तो गळतो की नाही हे कसे ओळखावे? ताटली भिंतीपासून पुढे सरकवा आणि आत बॅटरीचा उजेड पाडून पाहा. पण नुसते पाहून पुरे होत नाही. शॉवर चालू असताना पाणी पुढे मोकळे पडत असते, म्हणून आतल्या सांध्यावर फारसा दाब येत नाही. खरी परीक्षा घ्यायची असेल तर अर्ध्या इंचाची एक टोपी दुकानातून आणा. प्लंबर तिला एंड कॅप म्हणतो. शॉवर काढून नळीच्या तोंडावर फीत गुंडाळून ती टोपी बसवा. बसवतानाही नळी धरायची, हे सांगायला नको. मग चावी पूर्ण उघडा. आता पाण्याला बाहेर जायला वाट नाही. टाकीचा सगळा दाब सांध्यांवर येईल. टाकी दहा मीटर उंच असेल तर दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब पडतो. तीन मीटर उंच असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी. पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्या. ताटलीमागे पाण्याचा टिपूस दिसला, तर आतला सांधा गळतो आहे.

तसे असेल तर वाकडी नळी भिंतीतून सावकाश सोडवा. एल्बोत बोट घालून आटे तपासा. आटे शाबूत असतील, तर नळीच्या त्या टोकाला फीत गुंडाळून पुन्हा बसवा. दिशा तीच. आट्यांचे तोंड आपल्याकडे आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे. नळी हाताने घट्ट करा आणि मग तोंड खाली येईल एवढीच पुढे फिरवा. एल्बो तडकलेला असेल, तर फीत, एम-सील, सिमेंट यांची मलमपट्टी करत बसू नका. भिंत फोडून एल्बो बदलावा लागतो. ते काम प्लंबरला द्या. तो येईपर्यंत शॉवरची चावी उघडू नका, बादलीनेच अंघोळ करा. पलीकडच्या खोलीत त्याच भिंतीवर विजेचे बटण असेल आणि भिंत ओली लागत असेल, तर भिंतीला हात लावण्याआधी घरची मेन स्विच बंद करा.

परीक्षा झाली, की टोपी काढा, ताज्या फितीवर शॉवर बसवा आणि ताटली पुन्हा भिंतीला टेकवा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर पलीकडच्या खोलीत जा. पोती, ट्रंका भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि शॉवरच्या उंचीपासून जमिनीपर्यंत भिंतीवर पालथा हात फिरवा. आठवडाभर रोज एकदा असे करा.